तयार डबा, घरचा डबा आणि माझ्या सहाशे सीड्या

आधीच सांगतो, मी काही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरणारा माणूस नाही. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून घरी आल्यावर परत काळी स्क्रीन उघडायची म्हणजे माझ्या जिवावर येतं, म्हणूनच घरातल्या सगळ्या सीड्या एका जागी आणायचं ठरलं तेव्हा मी सरळ तयार म्युझिक सर्व्हर घेऊन आलो, म्हणजे सीड्यांवरची गाणी आत साठवून वाजवणारा डबा, काही लोक तो घरीही बनवतात. काळा डबा, पुढे एक फट. फटीत सीडी सरकवायची, सहा-सात मिनिटांनी तो ती परत बाहेर काढतो, आणि तोपर्यंत फोनमधल्या अ‍ॅपवर अल्बमचं नाव, गाण्यांची नावं, कव्हर सगळं आलेलं असतं. संपलं काम.

आमच्याकडे एकूण ६१२ सीड्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त बाबांच्या, उरलेल्या माझ्या कॉलेजपासूनच्या. डब्यात घालायचं काम बाबांनीच अंगावर घेतलं, रोज पेपर वाचता वाचता दहा-बारा सीड्या त्याला भरवायचे, हा त्यांचाच शब्द, आणि दोन-अडीच महिन्यांत कपाट रिकामं झालं. सीड्या खोक्यात भरून माळ्यावर गेल्या. पुढची तीन-साडेतीन वर्षं मला कुणी काहीही विचारलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण घरी बनवणारे लोक तयार डब्याला नावं ठेवताना हे विसरतात, की ‘कुणी काही विचारत नाही’ ही फार मोठी गोष्ट असते.

मग फोन बदलला. नव्या फोनवर ते अ‍ॅप येईचना, तुमच्या फोनसाठी उपलब्ध नाही एवढंच. कंपनीला मेल टाकला तर उत्तर आलं की हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही, नवीन मॉडेल बघा. म्हटलं ठीक आहे, बाबांच्या जुन्या फोनवर चालतंय ना, तोच रिमोट म्हणून ठेवू. असे सात-आठ महिने काढले. मग एका रात्री हॉलमधून आवाज यायला लागला, टक, टक, मग थोडा वेळ शांत, मग परत टक. बायको म्हणाली, ‘अरे पाल असेल.’ पाल नव्हती, डब्यातली हार्ड डिस्क होती.

डिस्क असा आवाज करायला लागली की पहिली गोष्ट म्हणजे ती बंद करायची. गाणी वाजताहेत ना, मग उद्या बघू, असं करायचं नाही. मी तीन दिवस तेच केलं. शेवटी डबा उघडला, आत साधी लॅपटॉपमध्ये असते तशी १ टीबीची डिस्क निघाली, ती यूएसबी केबलने जुन्या लॅपटॉपला लावली आणि डीडीरेस्क्यू चालवलं. हे प्रोग्रॅम म्हणून फार शहाणं आहे, साध्या कॉपीसारखं खराब जागी डोकं आपटत बसत नाही, आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतं, कुठे अडलं त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं, आणि मग शेवटी त्या अडलेल्या जागांकडे परत परत जातं. मध्येच वीज गेली तरी त्या नोंदीवरून पुढे चालू करता येतं. ३१ तास चाललं. न वाचलेले अकरा तुकडे, प्रत्येकी ४ केबीचे, एवढे सोडून सगळं आलं.

अकराच! मी खुश. मग नवीन डिस्क उघडून फोल्डर बघितले आणि पोटात गोळा आला.

फोल्डरांची नावं ०००१, ०००२, ०००३ अशी ६१२ पर्यंत. आत फाइली, त्यांची नावं ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. सगळ्या वेव्ह फॉरमॅटमध्ये आणि फाइलच्या आत नाव, गाव काहीच नाही. अल्बमचं नाव, गायकाचं नाव, कव्हर, बाबांनी निवडून निवडून केलेल्या प्लेलिस्ट, हे सगळं डब्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होतं आणि तो डेटाबेस कसल्यातरी त्यांच्याच फॉरमॅटमध्ये, जो बाहेर कुठल्याच प्रोग्रॅमला उघडेना. म्हणजे गाणी माझी, पण कुठलं गाणं कुठलं हे त्या डब्यालाच माहिती. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्याकडे लायब्ररी आहे, होतं ते सव्वातीनशे जीबीचं बिनानावाचं गाठोडं.

इथे सगळ्या सीड्या परत रिप करायची, म्हणजे त्यांवरून गाण्यांच्या फाइली काढायची वेळ आली असती तर मी हा नाद सोडला असता. वाचवलं ते क्यूटूल्स नावाच्या एका फुकट प्रोग्रॅमने, आणि तो हे कसं करतो ते कळल्यावर मी अक्षरशः हसलो. गोष्ट अशी आहे की साध्या म्युझिक सीडीवर गाण्यांची नावं बहुतेक वेळा नसतातच. काही सीड्यांवर सीडी-टेक्स्ट असतं, पण अशा थोड्याच. सीडीवर असते ती फक्त कुठलं गाणं कुठून सुरू होतं याची यादी, आणि ती मोजतात फ्रेममध्ये, एका सेकंदाच्या ७५ फ्रेम. आता समजा सीडीवर १२ गाणी आहेत, तर त्या बारांची लांबी सेकंदाच्या पंच्याहत्तराव्या भागापर्यंत तंतोतंत तशीच दुसऱ्या कुठल्या अल्बमची असणं जवळजवळ अशक्य. म्हणजे लांब्यांची ती यादीच त्या सीडीचा अंगठ्याचा ठसा. माझ्या बिनानावाच्या फाइलींची लांबी तर शाबूत होती! क्यूटूल्सला फोल्डर दाखवला की तो लांब्या मोजायचा, ऑनलाइन डेटाबेसमध्ये शोधायचा आणि सांगायचा, हा अमुक अल्बम. पहिल्या रात्री ०००१ ते ००४० केले आणि ३६ सापडले, झोप उडाली.

नुसतं नाव नाही, तो आणखी एक काम करतो. अ‍ॅक्युरेटरिप म्हणून एक साठा आहे, त्यात जगभरच्या लोकांनी रिप केलेल्या गाण्यांचे चेकसम आहेत, चेकसम म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून काढलेला एक पडताळणीचा आकडा. तुमच्या फाइलचा चेकसम दुसऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या, वेगळ्या ड्राइव्हवर, वेगळ्या प्रतीवरून काढलेल्या फाइलशी जुळला, तर ती फाइल बरोबरच आहे, दोघांची एकच चूक होणं जवळजवळ अशक्य. माझ्या बऱ्याच सीड्या काही सॅम्पलने पुढे सरकलेल्या दिसल्या, कारण प्रत्येक सीडी ड्राइव्ह थोडा पुढे-मागे वाचतो आणि त्या डब्याने ते दुरुस्त केलंच नव्हतं. ऐकताना याने काडीचा फरक पडत नाही, सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप, एका सेकंदात ती ४४,१०० असतात, त्यातले पाच-सहा इकडेतिकडे. पण मन खातंच.

आणि ते अकरा तुकडे? ४ केबी म्हणजे सीडीच्या आवाजाचा साधारण सेकंदाचा चाळिसावा भाग. नऊ तुकडे कुठल्यातरी रिकाम्या जागेत होते, दोन मात्र एकाच अल्बममध्ये, सातव्या गाण्यात, हेडफोन लावून ऐकलं तर दोनदा बारीक टिक् ऐकू यायचं. क्यूटूल्सचा स्वतःचा जो डेटाबेस आहे त्यात चेकसमबरोबर दुरुस्तीपुरती थोडी जादा माहितीही साठवलेली असते, छोटी खोट असेल तर ती त्यावरून गणिताने भरून काढता येते. बटण दाबलं, अर्ध्या मिनिटात फाइल दुरुस्त, चेकसम जुळला, टिक् गायब. सीडी माळ्यावरून काढावीसुद्धा लागली नाही.

सगळं असं गोड झालं नाही हो. ६१२ पैकी ५३० च्या आसपास नीट सापडले. एकच लांबलचक ट्रॅक असलेल्या सीड्यांना ठसा असा काही नसतोच, त्यातल्या एकीला भलत्याच भाषेतल्या गोष्टीच्या सीडीचं नाव लागलं. ज्यांना काहीच सापडलं नाही त्यांच्यासाठी म्युझिकब्रेन्झचं पिकार्ड वापरलं, ते आवाज ऐकून गाणं ओळखायचा प्रयत्न करतं, आणि तरीही उरल्या चाळीस-पंचेचाळीस. त्या मात्र माळ्यावरून काढल्या. काहींवर ओरखडे होते, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो, सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही, आणि खालच्या चकचकीत बाजूपेक्षा वरच्या छापलेल्या बाजूला जास्त जपायचं, कारण डेटाचा थर त्या छपाईच्या अगदी खालीच असतो. खालचा ओरखडा कधीकधी पॉलिश करून जातो, वरून थर उडाला की सीडी संपली. अशा दोन संपल्याच.

मग टॅगिंग, म्हणजे प्रत्येक फाइलच्या आत नाव-गाव भरणं. म्युझिक सर्व्हर कुठला घ्यावा यावर लोक दिवसच्या दिवस वाद घालतात, पण खरं कंबरडं मोडतं ते इथे. एका गायकाचं नाव माझ्याकडे पाच प्रकारे होतं, कुठे आधी आडनाव, कुठे स्पेलिंग वेगळं, कुठे शेवटी एक स्पेस जादा, आणि सर्व्हर बिचारा पाच वेगळे गायक दाखवणार. वेगवेगळ्या गायकांची गाणी असलेला संग्रह असेल तर ‘अल्बम आर्टिस्ट’ ही जागा भरली नाही की एका अल्बमचे चौदा तुकडे होतात, प्रत्येकात एक गाणं. काही नावं रोमन लिपीत, काही मूळ लिपीत, मग यादी लागते ती अशी की एक माणूस वरच्या टोकाला आणि तोच माणूस पार खाली. मी शेवटी नियम केला, दाखवायचं नाव मूळ लिपीत, क्रम लावायचं नाव रोमनमध्ये, टॅगमध्ये त्याची वेगळी सोय असते. सगळ्या फाइली फ्लॅकमध्ये बदलल्या, त्याने आवाजातला एक बिटही जात नाही आणि सव्वातीनशे जीबीचं १९० च्या आसपास झालं, आणि मुख्य म्हणजे नाव-गाव-कव्हर फाइलच्या पोटातच राहतं. दोन महिने गेले. रोज जेवणानंतर तासभर. बायको म्हणायची, ‘संसार माझ्याशी केलायस की त्या अल्बम आर्टिस्टशी?’

एवढं झाल्यावर मग प्रश्न आला की आता हे वाजवायचं कशावर. खरं सांगतो, तेव्हाही मी परत तयार डबाच घ्यायच्या विचारात होतो. सगळे तयार डबे माझ्या जुन्यासारखे नसतात, ब्लूसाउंडचा व्हॉल्ट किंवा इनुओसचे सर्व्हर फ्लॅकमध्ये रिप करतात आणि संगीताचा फोल्डर घरच्या नेटवर्कवर उघडा दिसतो, म्हणजे उद्या उचलून न्यायचा म्हटलं तर नेता येतो. पण आता माझ्याकडे फाइली तयार होत्या, रिप करणाऱ्या फटीची गरजच उरली नव्हती, आणि फट काढली तर त्या डब्यात उरतो एक छोटा कॉम्प्युटर आणि एक डिस्क. तेवढं तर आपल्यालाही जमेल असं वाटलं. रून नावाचं म्युझिक सर्व्हरचं सॉफ्टवेअरसुद्धा ट्रायलवर बघितलं, दिसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण त्याची वर्गणी भरत राहायची म्हटल्यावर मला परत तोच जुना डबा आठवला.

घेतलं काय, तर रास्पबेरी पाय ४ नावाचा एक छोटा कॉम्प्युटर, एक एसएसडी, आणि त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर हे सॉफ्टवेअर. या लिरियनची गोष्ट मला आवडली म्हणून निवडलं. हे मुळात स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर, त्यांच्या स्लिमपी३ प्लेयरसाठी लिहिलेलं, स्क्वीझबॉक्स हे त्यांचे पुढचे प्लेयर. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स बनवणं बंद केलं, आणि इथे माझ्या डब्यासारखंच व्हायला हवं होतं. पण सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, लोक ते सांभाळत राहिले, नवनवीन प्लगइन लिहीत राहिले, २०२४ मध्ये नाव बदलून लिरियन झालं आणि आजही ते मूळचे जुने स्क्वीझबॉक्स त्यावर वाजतात.

बसवायला दुपार लागली, नीट चालवायला महिना. आधी पाय मधूनमधून आपोआप रिस्टार्ट व्हायचा, मी सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलो आणि भानगड चार्जरची होती. घरात पडलेला फोनचा चार्जर लावला होता, पायला हवा असतो ५ व्होल्ट ३ अँपिअर, आणि वर एसएसडीही त्याच्याच जिवावर. बरोबरचा अडॅप्टर लावला, बंद झालं.

दुसरी भानगड जास्त मजेशीर. गाणी सुरू केली की दर दोन-तीन मिनिटांनी अडखळायची. एसएसडीची केबल काढून पेन ड्राइव्ह लावला तर एकदम सुरळीत. म्हटलं एसएसडीच खराब. बदलून आणली, परत तेच. आठवडाभर डोकं धरून बसल्यावर कळलं की यूएसबी ३ ची केबल आणि कनेक्टर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि माझं वायफाय नेमकं त्याच पट्ट्यावर होतं. पेन ड्राइव्ह जुना, यूएसबी २ चा, त्याचा हा त्रास नाही. म्हणजे गाणं वाचायला डिस्क जागी झाली की तीच वायफायचा गळा दाबायची! एक लॅन केबल राउटरपर्यंत ओढली आणि विषय संपला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, सर्व्हर तारेवरच हवा, वायफायवर प्लेयर असला तर चालेल.

प्लेयर म्हणून एक जुना पाय ३ होता, त्याच्या डोक्यावर बसणारं छोटं डॅक कार्ड, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा परत आवाजाचा सिग्नल करणारं कार्ड, घेतलं आणि त्यावर पायकोअरप्लेयर टाकलं. ही सिस्टिम सुरू झाली की स्वतःला पूर्ण मेमरीत उचलून घेते, त्यामुळे कुणी सरळ प्लग उपटला तरी कार्ड खराब होत नाही, आणि आमच्या घरी प्लग उपटले जातात. याचीच दुसरी बाजू म्हणजे आत शिरून हाताने काही बदललं आणि बॅकअपची कमांड दिली नाही तर रिस्टार्टनंतर सगळं पुसलेलं. मी कमांडने मिक्सरचं सेटिंग, सुरुवातीचा व्हॉल्यूम, सगळं रात्री एक वाजता लावलं, खुशीत झोपलो, सकाळी बाबांनी स्विच बंद-चालू केला आणि गाणं पूर्ण आवाजात सुरू झालं. शेजारीही उठले.

आता लोक विचारतात आवाज सुधारला का. नाही. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ होती, आजही तेवढीच आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सर्व्हरचं काम फाइल जशीच्या तशी डॅकपर्यंत पोचवणं एवढंच, ते दोन्ही डबे करतात. आवाजात जो फरक करायचाय तो डॅक, अँप, आणि सगळ्यात जास्त स्पीकर आणि खोली करते. उलट मला कानाला फरक जाणवला तो रिप्लेगेनमुळे, म्हणजे सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवणाऱ्या सोयीमुळे, जुनी सीडी हळू आणि नवी सीडी एकदम अंगावर येणारी, हे थांबलं. आणि लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये टाळ्या तुटायच्या त्या आता तुटत नाहीत.

बॅकअप आता दोन आहेत, एक घरात कपाटात, एक बहिणीकडे, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्कची अदलाबदल करतो. बहीण विचारते यात काय आहे एवढं, मी सांगतो माझे दोन महिने.

बाबांचं मात्र समाधान झालेलं नाही. अ‍ॅप त्यांना जमतं, प्लेलिस्टही त्यांनी आठवून आठवून परत केल्या, एक सोडून, तिच्यात कुठली गाणी होती ते काही आठवेना आणि त्याबद्दल अजून मला बोलणी बसतात. पण खरी तक्रार वेगळीच. पहिल्याच दिवशी त्यांनी तो काड्यापेटीएवढा डबा हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि विचारलं, ‘याला सीडी कुठून भरवायची?’ मी म्हटलं बाबा, यात नाही घालायची, तुम्ही माझ्याकडे द्या, मी लॅपटॉपवर रिप करून टाकतो. ‘म्हणजे मला येणार नाही असं काहीतरी केलंस तू.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. यूएसबी ड्राइव्ह जोडून, सीडी घातली की आपोआप रिप होऊन बाहेर येईल अशी स्क्रिप्ट लिहायची आहे, लिनक्सवर व्हिपर नावाचा प्रोग्रॅम आहे त्यासाठी, अर्धवट लिहिलीही आहे, पण सीडी सापडली नाही तर नाव कुणाला विचारायचं इथे ती अडकते. तोपर्यंत व्यवस्था अशी आहे की बाबा कुठूनतरी जुन्या सीड्या आणतात आणि सर्व्हरच्या डोक्यावर रचून ठेवतात. मी रविवारी बघतो तर डबा दिसतच नाही, नुसता सीड्यांचा ढीग, खालून हिरवा दिवा लुकलुकतोय. या रविवारी नऊ होत्या.